बाजूच्या प्लेटा

कुपियान्स्कच्या अलीकडे, एका तळघरात,
बटाट्यांच्या काट्यावर यारेमाने जाकीट ठेवलं:
साडेतेरा किलो.
वर काडतुसं, हातबॉम्ब, रेडिओ, फावडं.
पाणी अजून मोजलंच नव्हतं.

खंदकापर्यंत सहा किलोमीटर, काळा चिखल
बूट धरून बसणारा.
"पळता आलं तर प्लेट लागत नाही," झेनिक म्हणाला,
"आणि लागलीच, तर पळता येत नाही."

यारेमाने बरगड्यांवरच्या दोन प्लेटा काढल्या,
तेवढ्याच वजनाचं पाणी घेतलं.

त्यांच्यासाठी बहिणीने शिवणयंत्र विकलं होतं.
रात्री फोनवर तिने विचारलं, "घातल्यास ना?"
"हो. घट्ट बसतात."

एकीवर झेनिक कांदा चिरतो.
दुसरी अजून खोळीतच,
यंत्र जाण्याआधी तिने शेवटची शिवलेली,
दुहेरी टाक्याची.