आकडा

गेज न लावता मला
मिलिमीटरचा शंभरावा भाग कळतो.
उद्यमनगरात वीस वर्षं लेथवर उभा आहे,
बुश जरासा घट्ट झाला
तर नखानं सांगतो.
आणि शिफा म्हणते, इथं दुखतंय,
तर इथं म्हणजे कुठं
ते सापडत नाही.

आधी पिंढऱ्या.
मग बरगड्यांच्या खाली, मग मानेत,
मग, "अब्बा, सगळीकडं जरा जरा."
मळमळ सकाळची ठरलेली:
ब्रश तोंडात घातला की,
रिक्षा खासबागेच्या वळणावर आली की,
शेजारी पांढऱ्या रश्शाचा वास सुटला की.
एकदा तर काहीच नसताना,
नुसतं "आज गणित" म्हटलं म्हणून.

दम्याचं आम्हाला कळतं.
दम्याला आवाज आहे,
पट्टा सैल झालेल्या मशीनसारखी शिट्टी.
निळा पंप, दोन फवारे, दहापर्यंत मोजायचं.
याला आवाज नाही.

सीपीआरमध्ये रक्त काढलं, फोटो काढला.
सगळं नॉर्मल.
लक्ष्मीपुरीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
खोकून खोकून अंग दुखत असेल,
औषधानं मळमळत असेल.
माझ्या कामात 'असेल' चालत नाही,
पार्टी माल परत पाठवते.

नसरीन रात्री तिच्या पायाला ओढणी बांधते,
ओव्याच्या पुरचुंडीनं शेकते.
शेजारच्या फाउंड्रीची काजळी घरात नको म्हणून
मी बाहेरच्या नळावर शर्ट काढतो,
तरी केसांतून थोडी येतेच.

गेल्या सोमवारपासून शिफा बरी.
"दुखतंय?" "नाही."
"मळमळतंय?" "नाही अब्बा, झोपा आता."
नसरीननं मिरजेला आईला फोन केला.
मीही दोन दिवस नीट जेवलो.

पंपाच्या पाठीवर बारीक खिडकी असते,
तिच्यात आकडा.
रात्री पाहिला होता, एकशे चौदा.
सकाळी एकशे आठ.
सहा फवारे.
एवढ्याशा खोलीत आम्ही तिघं झोपतो.

ती दप्तर भरत होती,
वेणीची रिबन दातांत.
म्हटलं, "दुखलं तर सांगायचं, शिफा.
थोडं असलं तरी."
रिबन काढून म्हणाली,
"मग तुमचं तोंड तसं होतं ना."
"कसं?"
तिनं करून दाखवलं.

खाली रिक्षावाला हॉर्न देत राहिला.
मी तिच्या चेहऱ्यावर
माझं तोंड बघत उभा.