मापात

सावद्याच्या वजनकाट्यावर मी बसते,
सकाळी सातपासून दिवे लागेतो.
ट्रक चढतो, मी "थोडं मागे" म्हणते,
आकडा थरथरतो, थांबतो,
तारेतून माझ्या पडद्यावर येतो.
तो आणणारा प्रोग्राम एवढासा, नऊशे ओळींचा.
केळीचा अख्खा बाजार त्याच्या शब्दावर चालतो
आणि त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही.

मागच्या चैत्रात झोपेकाकांनी नवा संगणक आणला.
नवी प्रणाली घातली, सगळं आलं,
पत्त्यांचा डाव आला, हवामान आलं,
तो आला नाही.
"पोरका" असा शेरा होता त्याच्यापुढे.
सांभाळणाऱ्याने हात काढून घेतला,
दोन वर्षं कुणी विचारलं नाही,
नव्या यादीतून गळला.
बाहेर चौदा ट्रक, ड्रायव्हर टायरांच्या सावलीत,
घड पिकायला लागलेले.
काका म्हणाले, "तुले येते ना हे?
मंग घे की दत्तक."

फैजपूरच्या कॉलेजात प्रोग्राम लिहायला शिकवला,
बांधायला नाही.
बांधायचं म्हणजे काय काय लागतं ते आधी सांगायचं,
कोरं यंत्र काहीच गृहीत धरत नाही.
आईला विचारा, बिबड्यांत मीठ किती?
"जिभेले कयते."
यंत्राला जीभ नाही.
एक लायब्ररी मागावी तर तिच्यामागे चार,
मावशीला अक्षत दिली की
मावशीच्या जावा आल्याच.
शेहेचाळीस अंशांचा मे. रात्री गच्चीवर
लॅपटॉपखाली फरशीचा तुकडा.
सतरा वेळा मोडलं,
दर वेळी थोडं पुढच्या ओळीवर.

पाठवलं.
आठ आठवडे कुणी हूं की चूं नाही.
मग परत आलं.
कोण कुठला तपासनीस, देव जाणे,
त्याने एकेक फाइल उघडून वाचली होती.
तिसरीच्या पोटात अकरा ओळी
दुसऱ्याच माणसाच्या आहेत,
त्याचं नाव परवान्यात का नाही?

अकरा ओळी!
इथे पावतीवर ट्रकचा नंबर येतो, व्यापारी येतो,
घड कापणाऱ्याचं नाव
कधी आलंय?
दोन दिवस रागातच गेले.
मग उघडून बघितल्या.

दशांशाचा ठिपका तारेत मधूनच हरवायचा,
साडेबारा टनांचे सव्वाशे व्हायचे.
त्याने तो ठिपका धरून ठेवला होता.
वर छोटी टीप:
आमच्या धक्क्यावर मासळी तोलताना असं झालं, म्हणून.
खाली नाव, वर्ष.
पत्र टाकलं, पत्ता बंद.
नाव मला उच्चारता येत नाही,
एकेक अक्षर बघत बघत
परवान्यात उतरवलं.
मापात पाप नसावं म्हणतात बाजारात,
मला वाटायचं, ते फक्त किलोंबद्दल आहे.

आता त्याचा क्रमांक १.४-१.
१.४ मूळ लेखकाचं, मग आडवी रेघ,
रेघेपुढचा एक माझा.
काकांना दाखवला.
"एवढाच?" म्हणाले,
आणि पुढच्या ट्रकला हात केला.

परवा पहिली तक्रार आली,
कुठल्याशा भंगाराच्या काट्यावरून:
रिकामा असला की उणे दहा दाखवतो.
म्हणून आज उजाडायच्या आत आले.
फलाटाला चिकटलेली केळीची पानं झाडली.
आमच्याकडे शून्य. पुन्हा शून्य.
झाडू बाजूला ठेवून
मीच जाऊन मधोमध उभी राहिले.
खिडकीतून लाल आकडा दिसला. पन्नास.
आमचा काटा दहादहानेच बोलतो.
दवाखान्यात मी त्रेपन्न भरले होते.

वरचे तीन
वहीत मांडून ठेवलेत,
उणे दहाच्या खाली.