कोपरातला प्ले

सिद्रायमामा उद्यमबागेत टर्नर.
शनिवारी पगार झाला की अंगाला चिकटलेलं कूलंट
लाल साबणानं घासून काढायचा
आणि मला सायकलच्या दांडीवर बसवून
खडेबाजाराच्या पलीकडं पिक्चरला न्यायचा.

त्या दिवशी रोबोटचा होता.
कुठल्या तरी लांबच्या देशातला, पण कन्नड बोलणारा.
मला कन्नड येत नव्हतं अजून.
मामा कानाशी वाकून सांगायचा,
तोंडाला गिरमिटातल्या कांद्याचा वास.

चंदेरी हात आगीत जातो, बाई किंचाळते,
तो म्हणतो, ननगे नोवु इल्ला.
काय म्हणाला?
'दुखत नाही म्हणतोय.'
मग जरा वेळानं, स्वतःशीच :
'कोपरात प्ले हाय बघ. बुश खाल्लाय.
आणि छाती हलूलालीय.
आत माणूस हाय.'

पुढच्या रांगेतून कुणीतरी शुक् केलं.
शहरं पडली, पूल पडले,
यंत्रांनी राज्य घेतलं,
मी मात्र शेवटपर्यंत
पत्र्याखालचे श्वास मोजत बसलो.

पुढच्या उन्हाळ्यात प्रेसनं मामाचं बोट नेलं.
उजवी तर्जनी, दुसऱ्या पेरापासून.
पट्टीतला हात वर करून म्हणाला, 'नोवु इल्ला'
आणि हसला.
मामी नाही हसली.

आता रिटायरमेंटला दीड वर्ष उरलंय
आणि कारखान्यात हात आलाय.
पिवळा, नुसताच हात,
बाकीचा रोबोट आणायला
मालकाकडं पैसे नव्हते, असं मामा सांगतो.
त्याला शिकवायचं काम मामाकडं :
मनगट धरून न्यायचं,
जॉब उचल, चकात धर, मागं ये, दार लाव.
मला पाटीवर गिरवायला लावायचा तसंच,
एका बाजूला मराठी,
उलटून कन्नड.

तीन दिवसांत शिकला.
बेंगळुरूहून आलेला पोरगा इंजिनिअर
स्टॉपवॉच घेऊन उभा.
'सगळं बरोबर आहे, पण दार लावायच्या आधी
हा सेकंदभर थांबतो का?
तिथं काहीच नाही.'

मामा काही बोलला नाही.
गेली तीस वर्षं
दार लावायच्या आधी तो बोटं मोजतो.
साडेचार.
मग लावतो.

सोमवारी पोरग्यानं तो सेकंद काढून टाकला.
दिवसाला अकरा जॉब जास्त निघाले.

रात्री फोनवर विचारलं,
वाईट वाटलं काय मामा?
पलीकडं टीव्ही चालू होता, कसली तरी जाहिरात.
मला वाटलं, आता ते दोन शब्द येणार.

'कोपर हलवून बघितलं मी त्याचं,' मामा म्हणाला,
'सगळे गेल्यावर, लाइट बंद करायच्या आधी.
प्ले नाही रे.
केसाएवढासुद्धा नाही.'