मध्यरेषा

पाथर्डी फाट्याच्या रो-हाउसमागे
माझ्या नावावरची जमीन
अठरा फूट लांब, अकरा रुंद.
त्यातून वजा करा पाण्याची टाकी
आणि भंगारवाल्यानेही नाकारलेली सायकल.

ओझरला बत्तीस वर्षं विमानांचे नकाशे ट्रेस केले.
अर्धी बाजू काढायची, कागद उलटा करायचा,
उरलेली आपसूक.
म्हणून व्हर्सायचा फोटो बघितला तेव्हा
ऑफिसातलं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

तिथल्या राजाने क्षितिजापर्यंत रेघ ओढली.
मी मागच्या दारापासून टाकीपर्यंत सुतळी ताणली.
दार मध्यावर नाही.
बिल्डरला मध्य माहीत नव्हता.

मुघलांकडून चार वाफे घेतले.
जन्नतच्या चार नद्यांपैकी एक मिळाली,
वॉशिंग मशीनची, सोमवारी आणि गुरुवारी.
इटलीकडून कारंजं घ्यायचं होतं.
गळका नळ आधीपासून होता,
त्याच्याखाली तांब्याचं घंगाळ ठेवलं.
फ्रेंच कुंपणाचं झुडूप कुठेच नाही.
तपोवनाकडचा नर्सरीवाला म्हणाला,
"मेंदी न्या मॅडम. इथल्या एप्रिलात
राजानेसुद्धा मेंदीच लावली असती."

खणायला रंगनाथ बेंडकुळे आले.
आधी सुतळीकडे बघितलं, मग शेवग्याकडे.
शेवगा रेघेच्या डावीकडे पाच फूट,
उजवीकडे त्याला जोड नाही.
"ह्याचं काय करायचं?"
कुदळ अजून खांद्यावरच होती.

मी मनातल्या मनात कागद उलटा केला.
उजवीकडे दुसरा शेवगा आला,
तितक्याच शेंगा, तीच वाकडी फांदी,
आणि आला तो थेट भिंतीपलीकडे,
देवरेंनी वाढवलेल्या बाथरूममध्ये.

"रेघ हलवा," म्हटलं.
ते हसले नाहीत. खुंट्या उपटल्या.
सुतळीचं एक टोक शेवग्याच्या बुंध्याला,
दुसरं स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला.
वाफे आता लहानमोठे झालेत,
आणि दारातून येणाऱ्याला
बाग थोडी तिरकी दिसते.
सरळ दिसते फक्त सिंकपाशी उभं राहिलं की,
हातात कढई असताना.

मेंदी लागली. पहिली छाटणीही
पट्टी धरून केली, सवयीने.
सुतळी तेवढी सोडायची राहिली.
मंगळवारी तिच्यावर कुणीतरी
मोजे वाळत घातले.
एक बरोब्बर मध्यावर.
दुसरा बराच लांब, शेवग्याकडे.