प्रश्न क्रमांक नऊ

तीन हजार चारशे बारा पोरं.
मी मोजत नाही, यंत्र मोजतं.
मी हजेरीच्या खिडकीत बसते,
उशिरा येणाऱ्यांना गुलाबी चिठ्ठी फाडून देते,
आणि फेब्रुवारीत, सेंट पॉलमधला बर्फ
रस्त्याकडेला काळा पडू लागला की
अभिप्रायाचे फॉर्म टाइप करते.
पालकांचे निळे, मुलांचे पिवळे.

एक निळा म्हणतो: ही शाळा कसली, विमानतळ आहे.
माझा मुलगा चार वर्षं नुसता
पुढच्या गेटकडे पळतोय.

गुन्नर लिंडक्विस्ट, अक्षर कोरल्यासारखं:
मी इथलाच. आमच्या वेळी वाद्यवृंदात अकरा सेलो होते.
आता किती आहेत?
(दोन. एकाला तारा नाहीत.
पण उत्तर द्यायला मला रकाना नाही.)

एका आईने लेकीकडून लिहून घेतलंय:
आई म्हणते शाळा चांगली आहे.
आई म्हणते जेवण फुकट मिळतं, शिक्षक ओरडत नाहीत.
आईला माहीत नाही की जेवणाची सुट्टी
सकाळी दहा वीसला होते.
शेवटची ओळ आईने सांगितलेली नसावी.

अब्दिकरीम वार्सामे टॅक्सी चालवतात:
संध्याकाळी सहाला फोन येतो.
बाई म्हणते, आपला पाल्य आज
एका किंवा अधिक तासांना गैरहजर होता.
मी गाडी कडेला घेतो. विचारतो, एक की अधिक?
ती तेच पुन्हा म्हणते.
तिला काळजी असल्यासारखं वाटत नाही.

तो आवाज माझा.
बारा वर्षांपूर्वी भरल्या नाकाने रेकॉर्ड केलेला.
तेव्हापासून रोज सहाला
मी घरी बटाटे सोलत असते
आणि शहरभर लोकांच्या काळजाचा ठोका चुकवत असते.

पिवळ्यांत शिव्या निघतात. एक फार देखणं घुबड निघालं.
सी विंगच्या जिन्यावरून फक्त चढायची परवानगी आहे.
आम्ही उतरतो कुठून, ते विचारू नका.
आणि: वर्गात छत्तीस जण, मी हीटरवर बसते,
ऊब असते, तक्रार नाही.
आणि: इथे हरवणं सोपं आहे.
कधी कधी तेच बरं वाटतं.

मग तो एक.
डावीकडे कललेलं अक्षर, नाव नाही.
आठ प्रश्न कोरे. नववा:
शाळेत तुम्हाला नावाने ओळखणारी
एक तरी मोठी व्यक्ती आहे का?

हो. उशिराच्या खिडकीतल्या बाई.
चुकीचं उच्चारतात. पण रोज.

मी ते टाइप केलं.
पुसलं. पुन्हा केलं.
सव्वीस वर्षांची नोकरी, आणि कानामागे अशी गरम झाले
जशी कुणी चोरी पकडली.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली आणि
पहिल्याच पोराला विचारलं: तुझं नाव कसं म्हणायचं?
तो घाबरला. त्याला वाटलं, घरी फोन जाणार.
मग सांगितलं. मी म्हटलं. तो म्हणाला, जवळपास.
मागची पुढे आली,
तिला मी तीन वर्षं "न्काउज" म्हणत होते.
ङ्गाउ, ती म्हणाली.
शेवटच्या अक्षराला आवाज नसतो, बाई,
ते फक्त सांगतं, सूर कुठून पडू द्यायचा.
उंचावरून, असा.
तिने हाताने दाखवलं, हातमोजा घातलेल्या.

मी पाडला. नीट नाही पडला.
तूच का लिहिलंस ते, हे विचारलं नाही.

तोवर रांग बाहेरच्या दारापर्यंत गेली,
दार उघडं राहिलं, गारठा आत आला,
मुख्याध्यापक ओस्टरबर्ग घड्याळ दाखवत दोनदा येऊन गेले.
पोरं आधीच उशिरा आलेली, माझ्यामुळे आणखी उशिरा.
गुलाबी चिठ्ठीवर कारण लिहायला एक ओळ असते.
त्या सकाळी एकेचाळीस चिठ्ठ्यांवर
मी माझ्या हाताने लिहिलं:
खिडकीमुळे.