गंप

धक्क्यावर होड्या बांधायला जो ओंडका पुरतात
त्याला आमच्याकडे म्हणतात गंप.
वडिलांनी कुत्र्याचं नाव तेच ठेवलं.
पिल्लू होता तेव्हापासून
बसला की बसला, हलायचा नाही.

जात न्यूफाउंडलँड. बेटही न्यूफाउंडलँड.
म्हणजे नवी सापडलेली जमीन.
कुणाला सापडली, आणि आधी कुणाची होती,
ते शाळेत विचारायचं नसे.
गंपला मात्र ती रोज सकाळी सापडायची :
बोटांमधली कातडी वल्ह्यासारखी पसरून
काळं अस्वल पोहत यायचं, आणि अंग झाडायचं
थेट आमच्या वाळत घातलेल्या कॉडवर.
ट्रायफीना काकू सात पिढ्या उद्धरायची त्याच्या,
मग एक मुंडकं टाकायची.

सरकारचा माणूस आला कागद घेऊन.
खाडीपलीकडे रस्ता आहे, डॉक्टर आहे. गाव उठवा.
डोईमागे इतके डॉलर.
कुत्र्याची डोई धरत नाहीत ना,
वडिलांनी दोनदा विचारलं.

घर आम्ही मोडलं नाही.
खाली रिकामी पिंपं बांधली, भरतीला थांबलो,
आणि पाच मोटरबोटींनी ओढलं पाण्यात,
पडद्यांसकट, शेगडीसकट.
कपांमध्ये आईने मोजे कोंबले होते.
घर तरंगलं. कुणी ओरडलं नाही.

मी नऊ वर्षांची, मागच्या होडीत. गंप माझ्या पायांवर.
मध्यावर घर जरासं कललं
आणि त्याने उडी टाकली.

त्याला वाटलं, कुणीतरी बुडतंय.
त्याला दुसरं काय वाटणार?
लोंबणारा दोर दातांत धरून
तो घराला मागे ओढू लागला,
त्या काठाकडे, जिथे आता
चर्चची पायरी होती, आणि सदतीस कबरी.

पाच इंजिनं एकीकडे.
एक कुत्रा दुसरीकडे.

हेझेकाया काका आधी हसला.
मग त्याने इंजिन मंद केलं.
का, ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.
थोडा वेळ, फार थोडा,
घर कुठेच जात नव्हतं.

नव्या गावात दार रस्त्याकडे आलं.
गंप मागच्या बाजूला बसायचा.

दोर अजून आहे. मी त्यावर कपडे वाळत घालते.
एका जागी पीळ उसवलाय.
तिथे चिमटा लावत नाही.