मूळ भाषा निवडा

वडगावात, मागांच्या खोलीवरच्या माळ्यावर
सोसायटीनं मला टेबल मांडून दिलंय.
खाली यंत्रमाग सुरू झाले की
स्क्रीन थरथरते,
चहात बारीक बारीक वलयं उठतात.
विणकर सोसायटीची वेबसाइट: तीन भाषा, एक महिना,
पैसे निम्मे आधी, निम्मे 'बघू की'.

पहिल्याच पानावर लाल चांदणीचा रकाना:
मूळ भाषा निवडा.
रिकामा ठेवून पुढं जाता येत नाही.
सेक्रेटरी भरमाण्णांना विचारलं.
त्यांनी आधी खिडकी लावून घेतली.
"मीटिंगमध्ये काढू नकोस हे," म्हणाले,
"मागल्या खेपेस बोर्डावरच्या अक्षरांची उंची
लोकांनी पट्टीनं मोजली होती."
मग मी इंग्रजी निवडली. तात्पुरती.
कुणाचीच नाही म्हणून
तिच्यावर कुणी रागवत नाही.

बटनावर लिहिलं: अर्ज पाठवा.
तेच कन्नडमध्ये, सदस्यत्व अर्जियन्नु सल्लिसि,
बटनाबाहेर आलं
आणि शेजारच्या साडीच्या पदरावर चढलं.
हुद्दारबाई म्हणाल्या, कन्नड कापायची नाही.
कापत नाही बाई, बटन वाढवते.
वाढवलं, तर मराठी त्यात
थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या पोरागत दिसायला लागली.
शंकरलिंगमामा अंगावरचं सूत झटकत वर आले,
वाकून बघितलं. "गुंडीच की ही."
गुंडी. हिकडंही गुंडी, तिकडंही गुंडी.
तेवढा एक शब्द भाषांतराशिवाय चालला असता,
आणि तो माझ्या यादीत नव्हता.

सोमवारी फॉन्ट गेला.
कन्नडच्या जागी चौकोन, रिकामे, ओळीनं.
मामांनी चष्मा कपाळावर सरकवला:
"कुठल्या काठाची नक्षी? आलेख तर कोराच हाय."

एकच कल्लाप्पा दोनदा सभासद झाला,
एकदा काना देऊन, एकदा न देता.
लाभांश दोघांनाही निघाला.
"ऱ्हाऊ दे की दोघंबी," कल्लाप्पा म्हणाला.

थोरल्या आप्पांचं मनोगत मशीनमध्ये घातलं.
'आम्ही अडाणी, खरं सूत बोटानं ओळखायचो.
पैसा नव्हता, खरं उधारी बुडवली नाही.'
आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्यातल्या माणसाला कळत नाही,
मशीनला कुठनं कळावं.
त्यानं प्रत्येक 'पण'चं सत्य केलं:
आम्ही अडाणी, हे सत्य.
पैसा नव्हता, हे सत्य.
हुद्दारबाई वाचता वाचता हसल्या,
मग हसायच्या थांबल्या.
एका ओळीत त्यांनी 'आदरे' घातलं,
दुसरी होती तशीच ठेवली.

रात्री साइट आईला दाखवली.
आई बैलहोंगलची. नोटा कन्नडमध्ये मोजते,
मला मराठीत रागावते,
झोपेत कुठल्या भाषेत बोलते
यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.
तिच्या फोनवर इंग्रजी उघडली;
दुकानातल्या पोरानं फोन तसाच लावून दिलेला.
तिनं काही वाचलं नाही. बोट फिरवत साड्या बघितल्या,
एका पदरावर थांबली.
"हा आपल्या रंगाव्वाच्या मागावरचा.
नाव कुठाय तिचं?"

वाण होतं, सूत होतं, लांबी, रंग, किंमत,
सगळं तीन-तीनदा.
विणणारीच्या नावाला रकानाच नव्हता,
कुठल्याच भाषेत.

पहाटेपर्यंत बसून तो वाढवला.
तीनदा भरला.
मूळ भाषेच्या जागी इंग्रजी अजून तात्पुरतीच.
सातला भरमाण्णांचा फोन:
"झाली काय साइट?"
"झाली," म्हटलं, "खरं"

आणि खाली माग सुरू झाले.